आजोबांच्या मुलाची बायको कोण? पाचवीच्या शिष्यवृत्ती सरावातला एक प्रश्न आणि माझी लेक

नंदनवनची आई (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार. मी नागपूरची. नंदनवनला राहते, इतवारीत एका कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहिते. लेक पाचवीत आहे, मराठी माध्यम, यंदा शिष्यवृत्तीला बसते आहे. आज सकाळी तिच्या क्लासमध्ये पेपर दोनची सराव परीक्षा होती. त्यावरून जे झालं ते आधी सांगते, मग विचारते.

साडेदहाला घ्यायला गेले तर पोरगी गेटजवळ दप्तर पोटाशी धरून उभी. स्कूटीवर मागे बसली, सक्करदरा चौकापर्यंत एक शब्द नाही. सिग्नलला तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि कुर्ता ओला लागला, तेव्हा कळलं की ती रडून राहिली आहे.

घरी येऊन पेपर पाहिला. ६२ ते ७५ असे सलग चौदा प्रश्न कोरे. अठ्ठावीस गुण हातचे गेले. एवढी हुशार मुलगी, चौदा प्रश्न कसे काय सोडले? मी जरा आवाज चढवूनच विचारलं. तिनं ४८व्या प्रश्नावर बोट ठेवलं. प्रश्न जसाच्या तसा लिहिते:

फोटोतील स्त्रीकडे बोट दाखवून सीमा म्हणाली, "ही माझ्या आजोबांच्या मुलाची बायको आहे." तर ती स्त्री सीमाची कोण?
(१) आत्या (२) मावशी (३) आई (४) काकू

मी म्हटलं, आई! यात काय अडलं? माझ्या तोंडून अगदी असंच निघालं. ती म्हणाली, "आई, मोठी काकू पण तं आजोबांच्या मुलाचीच बायको आहे ना? आणि लहान काकू पण."

आमचं घर एकत्र आहे. सासू-सासरे, आम्ही तीन जावा, सहा मुलं. शाळेतून आल्यावर पोरीला ताट वाढते ती मोठी काकू, कारण मी साडेसातशिवाय घरी येत नाही. त्या वेळी जाऊबाई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. उत्तरसूचीत फक्त "३" आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बाबांच्या मुलाची बायको नाही का मग?" हसतच म्हणाल्या, पण मेथीवरचा हात थांबला होता.

मग मला दिसलं की पोरीचं काहीच चुकलेलं नाही. तिनं वाक्य नीट वाचलं, घरातली माणसं डोळ्यांसमोर आणली, दोन उत्तरं बरोबर निघाली. गोल मात्र एकच रंगवायचा होता. तिथे दहा मिनिटं गेली आणि त्यानंतर तिचं मनच लागलं नाही. नव्वद मिनिटांत पंचाहत्तर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. तिनं एकाच प्रश्नात सहाशे घातले.

क्लासच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, अशा प्रश्नात आईच धरायची असते, सगळीकडे तसंच असतं. फार विचार करू नको म्हणावं तिला." ते शिकवतात मनापासून, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण "फार विचार करू नको" हे वाक्य मी माझ्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगू?

प्रश्न चुकीचा आहे असं सांगितलं तर उद्या प्रत्येक अवघड प्रश्नाला ती चुकीचा म्हणेल, अशी भीती वाटते. तुझंच चुकलं म्हणावं तर ते खोटं आहे. आणि खऱ्या परीक्षेत फेब्रुवारीत असा प्रश्न आलाच तर त्या क्षणी तिनं काय करायचं? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सांगा.

अजनीचा बाबा (रविवार, रात्री ११.१५)

ताई, माझा मुलगा नवोदयच्या परीक्षेला बसला होता. तिथे दोन तासांत ऐंशी प्रश्न, म्हणजे दीड मिनिट एकाला. मी त्याला एकच सवय लावली होती. अडला की स्वतःला विचारायचं, पेपर काढणाऱ्यानं हा प्रश्न कशाला घातला असेल? त्याला कोणता नियम तपासायचा आहे? तुमच्या प्रश्नात त्याला "आजोबांचा मुलगा म्हणजे बाबा, बाबांची बायको म्हणजे आई" एवढंच हवं होतं. मुलानं त्याच्या मनातलं ओळखायचं, गोल रंगवायचा, पुढे जायचं.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. परीक्षेपुरती तरी मुलांना शंका शिकवू नका. शंका घेणारं पोट्टं मागे राहतं. मी रेल्वेत आहे, आमच्या खात्यातल्या बढतीच्या परीक्षांतही हेच चालतं.

सेमीवाली, प्रतापनगर (सोमवार, सकाळी ७.०५)

आमच्याकडे भाषांतरानं घोळ केला होता. सराव पेपर मुळात इंग्रजी, त्याचं मराठी कुणीतरी घाईत केलेलं. "गटात न बसणारे पद" लिहायच्या जागी छापलं होतं "विषम संख्या ओळखा". पर्याय ४, ९, १६, २०. माझ्या मुलानं ९ लिहिलं. मराठीत विषम म्हणजे ९च ना! उत्तरसूचीत २०, कारण बाकीचे तिन्ही वर्ग आहेत. तो तीन दिवस मला विचारत होता, "मग ९ विषम नाही का?" त्याला सम-विषम पक्कं येत होतं, त्या पेपरमुळे त्याचाच पाया डळमळला. म्हणून तुमचा प्रश्न मला अगदी कळतो.

आठवीची आई, खामला (सोमवार, दुपारी १.३०)

एक गोष्ट लक्षात ठेवा. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना मुद्दामच दोन बरोबर पर्याय असतात, जास्तीत जास्त वीस टक्के प्रश्नांना. ते दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात, एक रंगवला तर नाही. माझ्या थोरलीला पहिल्या सरावात हे माहीतच नव्हतं. दोन उत्तरं बरोबर दिसली की ती प्रश्नच चुकला म्हणून सोडून द्यायची. पाचवीला तसं नाही, तिथे एकच गोल. दोन रंगवले की गुण गेले. म्हणून पेपर हातात आल्यावर वरच्या सूचना पूर्ण वाचायला लावा, पाठ असल्या तरी.

उमरेडचे गुरुजी (सोमवार, रात्री ९.२०)

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच उमरेड आणि भिवापूरकडे. शिष्यवृत्तीचे जादा तास सकाळी सातला घ्यायचो. परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, २०१७पासून पाचवी-आठवीला आली (२०२५-२६नंतर ती पुन्हा चौथी-सातवीलाच घ्यायचं ठरलं आहे), तेव्हाही शिकवतच होतो. तालुक्याच्या सराव परीक्षेचे पेपरही काढले आहेत. म्हणून तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मला माझाच एक पेपर आठवला.

मी विचारलं होतं, गटात न बसणारी संख्या ओळखा: ९, १६, २५, २७. माझ्या मनात उत्तर २७, कारण तो वर्ग नाही. तपासताना एका मुलाचं उत्तर १६ आलं. मी लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तो टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, यात १६ एकटाच सम आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं म्हणणं माझ्याइतकंच खरं होतं. मी त्याची रेघ खोडून दोन गुण दिले आणि वर्गाला सांगितलं की प्रश्न माझा चुकला. आणखी दोन मुलांनी १६ लिहिलं होतं, पण ती बोलायला आली नव्हती. त्या दोघांचं मला आजही वाईट वाटतं. बोलणारा एक आला म्हणून मला कळलं.

प्रश्न का चुकतात ते आतून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. पेपर काढणाऱ्याला उत्तर आधी सुचतं आणि प्रश्न नंतर. त्यामुळे आपण ज्या वाटेनं आलो तेवढी एकच वाट त्याला दिसते. मूल उलट बाजूनं येतं, त्याला चारही वाटा दिसतात. तुमच्या पेपर काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आई-बाबा आणि एक मूल एवढंच घर असेल. तुमच्या लेकीच्या डोळ्यांसमोर अख्खं घर होतं. "आजोबांच्या एकुलत्या एक मुलाची बायको" असं लिहिलं असतं तर प्रश्न निर्दोष झाला असता. दोन शब्द राहिले आणि एका लेकराची सकाळ वाया गेली.

हे लहान परीक्षांतच होतं असंही नाही. २०२४च्या नीटमध्ये भौतिकशास्त्रात अणूवर एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत एक विधान होतं, नव्या आवृत्तीत ते वेगळं होतं, म्हणून आधी दोन उत्तरं ग्राह्य धरली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी चौथा पर्याय तेवढाच बरोबर ठरवला आणि चार लाखांवर मुलांचे गुण बदलले. डॉक्टर होणाऱ्यांच्या पेपरावर असं होतं, तर पाचवीच्या मुलीला एका प्रश्नात दोन उत्तरं दिसली यात तिचा काय दोष?

आणखी एक उदाहरण, हे लेकीला करून दाखवा. १९८२ साली अमेरिकेत कॉलेजप्रवेशाची एसएटी परीक्षा झाली. त्यात होतं की एक वर्तुळ दुसऱ्या वर्तुळाच्या कडेवरून घरंगळत पूर्ण फेरी मारतं. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. तर फेरी पूर्ण होईपर्यंत लहान वर्तुळ स्वतःभोवती किती वेळा फिरेल? पर्याय होते दीड, तीन, साडेचार, सहा, नऊ. पेपर काढणाऱ्यांचं उत्तर तीन. खरं उत्तर चार, आणि ते पर्यायांत नव्हतंच! सुमारे तीन लाख मुलांनी तो पेपर दिला. तिघांनी पत्र लिहून कळवलं की प्रश्न चुकला आहे. प्रश्न रद्द करून सगळ्यांचे गुण नव्याने काढावे लागले.

घरी दोन रुपयांची दोन सारखी नाणी घ्या. एक ओट्यावर बोटानं दाबून धरा, दुसरं त्याच्या कडेनं न घसरू देता फिरवा. आधी लेकीला विचारा, एका फेरीत नाणं स्वतःभोवती किती वेळा फिरेल. ती "एकदा" म्हणेल, मोठी माणसंही तेच म्हणतात. मग फिरवून बघा.

आता परीक्षेतलं. अजनीच्या बाबांचं अर्धं मला पटतं. "यात कोणता नियम तपासायचा आहे" हा प्रश्न उपयोगी आहे, तो शिकवाच. पण शंका शिकवू नका, हे मला मान्य नाही. शंका परीक्षेच्या खोलीत बाजूला ठेवायला शिकवायची आणि घरी आल्यावर ती पुरती सोडवायची. दोन्ही शिकवावं लागतं, आणि दुसरं केलं नाही तर पहिलं मूल ऐकत नाही, हा माझा अनुभव. घरी कुणी ऐकून घेणार आहे हे त्याला ठाऊक असलं तरच ते तिथे प्रश्न सोडून उठतं. नाहीतर तिथेच भांडत बसतं, जसं तुमची लेक बसली.

मी मुलांना सांगायचो, दोनदा वाचूनही दोन उत्तरं बरोबर वाटली तर प्रश्नपत्रिकेवर त्या क्रमांकाला बारीक गोल करा, पुढे चला. उत्तरपत्रिकेवर मात्र ती ओळ रिकामी राहिली आहे हे बोट ठेवून पाहा, नाहीतर ४९चं उत्तर ४८च्या ओळीत जातं आणि तिथून खाली सगळं घसरतं. हे फार मुलांचं होतं, आणि ते चुकीच्या प्रश्नापेक्षा महाग पडतं. शेवटची पाच मिनिटं गोल केलेल्या प्रश्नांसाठी. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काहीच ठेवायचं नाही. जास्तीत जास्त लोक ज्या अर्थानं वाचतील त्या अर्थानं उत्तर द्यायचं आणि मनात म्हणायचं, याचं बाकीचं घरी बघू.

आणि घरी खरोखर बघायचं. परीक्षा परिषद परीक्षेनंतर आधी अंतरिम उत्तरसूची संकेतस्थळावर टाकते. त्यावर पालकांना ऑनलाइन आक्षेप नोंदवता येतो, शाळेलाही. मुदत थोड्याच दिवसांची असते, तेवढं लक्ष ठेवा. तुम्हाला वेगळं उत्तर कुणी पाठवणार नाही, पण आक्षेप तज्ज्ञांपुढे जातात आणि मग अंतिम उत्तरसूची येते. तिच्यात उत्तर बदललेलं किंवा प्रश्न रद्द झालेला मी पाहिला आहे. अंतिम लागल्यावर मात्र काही होत नाही. आक्षेप लिहिताना पेपर कोणता, प्रश्न क्रमांक कोणता, पाठ्यपुस्तकातलं पान कोणतं हे लिहावं. "अन्याय झाला" लिहू नये, त्यानं काही सिद्ध होत नाही.

तुम्हाला भीती वाटते की ती प्रत्येक अवघड प्रश्नाला चुकीचा म्हणेल. त्यावर माझा एक उपाय होता. जो मुलगा प्रश्न चुकीचा म्हणेल त्यानं तो दुरुस्त करून आणायचा. ज्याला नुसतं अवघड वाटलं असतं त्याला दुरुस्ती सुचत नाही, तो आपोआप परत सोडवायला बसतो. लेकीला ४८वा प्रश्न दुरुस्त करायला सांगून बघा.

अजनीचा बाबा (सोमवार, रात्री १०.०५)

गुरुजी, नमस्कार. तुमचं वाचून मुलाला आत्ता विचारलं, तुला तेव्हा असे प्रश्न लागले होते का? तो आता दहावीत आहे. म्हणाला, "लागायचे ना बाबा, पण तुम्ही म्हणायचे शंका घेऊ नको, म्हणून सांगितलं नाही कधी." मी गप्पच झालो. ताई, माझं कालचं "शंका शिकवू नका" हे वाक्य मी मागे घेतो.

नंदनवनची आई (बुधवार, रात्री १०.३०)

गुरुजी, तुमचं उत्तर सोमवारीच वाचलं, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काल दुकानातून येताना गल्ल्यातून दोन रुपयांची दोन सारखी नाणी निवडून आणली. जेवणं झाल्यावर ओटा पुसून घेतला. पोरीनं स्केचपेननं फिरणाऱ्या नाण्याच्या वरच्या कडेला लाल ठिपका केला. मी विचारलं, किती वेळा फिरेल? "एकदा." मोठ्या काकूही म्हणाल्या एकदा, सासरेही म्हणाले एकदा. तिनं जीभ बाहेर काढून नाणं फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा घसरलं. दुसऱ्यांदा लहान दिरानं मधलं नाणं दाबून धरलं. नाणं वरून निघालं, कडेनं फिरत खाली पोचलं, म्हणजे फेरी अर्धीच झाली होती, आणि लाल ठिपका पुन्हा वर! पोरगी ओरडली, "अर्ध्यातच एक झाली!" उरलेल्या अर्ध्यात दुसरी. सासऱ्यांनी चष्मा लावून स्वतः फिरवून पाहिलं. मग भावंडांनी रांग लावली, दहा वाजेपर्यंत ओटा काही मोकळा झाला नाही.

झोपताना तिनं विचारलं, "ती तीन मुलं केवढी होती?" मी म्हटलं, कॉलेजात जायच्या वयाची असतील. "आणि बाकीच्या लाखो मुलांना कळलंच नाही?" मी म्हटलं, काहींना कळलं असेल पण त्यांनी लिहिलं नसेल, उमरेडच्या गुरुजींच्या त्या दोन मुलांसारखं. ती बराच वेळ पंख्याकडे बघत होती.

आज संध्याकाळी सराव घेतला. मुद्दाम एक खोटा प्रश्न मध्ये घातला, तिला न सांगता. सेमीवाल्या ताई, तुमचाच घातला, विषम संख्येचा. घड्याळ लावलं. ती त्यावर थांबली, दोनदा वाचलं, भुवया आक्रसल्या. मला वाटलं आता बसली तिथेच. पण तिनं पेनाचं टोक क्रमांकावर फिरवून गोल केला, उत्तरपत्रिकेवरच्या त्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली. तीस प्रश्न छत्तीस मिनिटांत करायचे होते, तिचे चौतीसमध्ये झाले. कोरा एकही नाही. पेन ठेवताक्षणी मात्र माझ्याकडे वळली, "आई, अकरावा बघ, त्यात गडबड आहे." सांगून टाकेपर्यंत तिला दम नव्हता. मी भाजी गॅसवरून उतरवून ठेवली आणि आधी तो अकरावा प्रश्न घेऊन बसले. तुम्ही म्हणालात ते हेच असावं.

मला माझंही एक इथे लिहायचं आहे. रविवारी मी "यात काय अडलं?" म्हणाले होते. ते मी आज तिच्याजवळ परत घेतलं. तिला सांगितलं की तू बरोबर वाचलं होतंस, मीच घाईत वाचलं. ती म्हणाली, "तू तं आई आहेस ना, म्हणून तुला आई दिसलं." यावर मला काही बोलता आलं नाही.

आता गुरुजी, दुरुस्तीचं. तुमचं "एकुलत्या एक" तिला वाचून दाखवलं. तिनं वहीत लिहिलं, दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "गुरुजींना सांग, आजोबा दोन असतात." मला पटकन कळेना. म्हणाली, "वर्ध्याचे आबा पण माझे आजोबाच ना? त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे मामा. मग ती मामी झाली!" माझ्या माहेरी खरंच एकच भाऊ आहे. मी तिला म्हटलं, गुरुजींना असं कसं सांगायचं? तर म्हणाली, "त्यांनीच सांगितलं ना दुरुस्त करून आण म्हणून." म्हणून लिहिते आहे, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

उमरेडचे गुरुजी (बुधवार, रात्री ११.००)

माफी कसली? लेकीला माझा आशीर्वाद सांगा. तिनं माझी दुरुस्तीसुद्धा तपासली, याहून मला काय हवं? त्या पेपरात मामी पर्यायांत नव्हती, म्हणून माझ्या वाक्यालाही उत्तर एकच निघालं असतं. पण वाक्य स्वतः पक्कं हवं, पर्यायांच्या आधारानं उभं राहणारं नको. तिचं म्हणणं खरं आहे. "वडिलांच्या वडिलांच्या एकुलत्या एक मुलाची बायको" असं लिहा.

एक सुचवतो. खऱ्या परीक्षेच्या आक्षेपाची वाट कशाला बघायची? हा पेपर क्लासचा आहे. तिच्याकडून चार ओळींचा कागद लिहून घ्या आणि सरांना द्या. सर मनापासून शिकवणारे आहेत असं तुम्हीच म्हणालात, ते वाचतील. बाकीच्या मुलांनाही उपयोग होईल.

नंदनवनची आई (गुरुवार, रात्री ९.५०)

तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देते, फक्त शुद्धलेखन पाहिलं:

"आदरणीय सर, रविवारच्या पेपर दोनमध्ये प्रश्न ४८ चुकीचा आहे. आजोबांना तीन मुलं असली तर त्यांच्या तीन बायका असतात. त्यातली एक आई आणि दोन काकू. म्हणून पर्याय ३ आणि पर्याय ४ दोन्ही बरोबर होतात. माझ्या घरी असंच आहे. प्रश्नात 'वडिलांच्या वडिलांच्या एकुलत्या एक मुलाची बायको' लिहिलं तर उत्तर फक्त आई येईल. 'आजोबांच्या' लिहिलं तर मामी पण येऊ शकते."

मोठ्या काकूंनी दोनदा वाचलं. "माझ्या घरी असंच आहे" यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे राहू दे. गुरुजी, तपासून द्याल?

उमरेडचे गुरुजी (गुरुवार, रात्री १०.१०)

दोनच बदल. "चुकीचा आहे" ऐवजी "दोन उत्तरे येतात" लिहा, सर लगेच पुढची ओळ वाचतील. आणि "तर त्यांच्या तीन बायका" हे "तर त्या मुलांच्या तीन बायका" असं करा, नाहीतर आजोबांच्याच तीन बायका होतील! तिला दाखवा, तिला पटलं तरच बदला.

नंदनवनची आई (गुरुवार, रात्री १०.२५)

पटलं. दुसरा बदल वाचून ती खूप हसली, आजोबांना जाऊन वाचून दाखवला. पुन्हा स्वच्छ लिहून काढते आहे. रविवारी साडेसातला क्लास आहे. मी सोबत जाईन, दाराशी उभी राहीन. कागद तीच देणार आहे.